हरकतींचा हिवाळा

आमच्याकडे जळगावला थंडी सांगून येत नाही. आदल्या दुपारपर्यंत पंखा लागतो, आणि मग एका पहाटे अंगणात पाऊल टाकलं की केळीच्या बागांकडून धूर येताना दिसतो. थंडीनं केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, म्हणून बागाईतदार बांधाबांधाने काडीकचरा पेटवून ठेवतात. हा धूर वर जात नाही. कमरेएवढ्या उंचीवर तरंगत तो असोद्याच्या रस्त्यावर येतो, आणि दुधवाल्यांच्या मोटारसायकली त्यातून आधी माणूस, मग चाकं, अशा बाहेर पडतात. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले असतात. जिनिंग कारखान्याकडे गेलेल्या गाड्यांचा तो माग. संध्याकाळी कुठल्या तरी शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात आणि त्या जळक्या सालीचा वास अख्ख्या कॉलनीत फिरतो.

यंदा थंडी पडली त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपातली एक जाहीर सूचना आली. नशिराबादच्या बाजूच्या पट्ट्याचा प्रारूप विकास आराखडा तयार झाला असून नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना मुदतीत लेखी सादर कराव्यात. अशा सूचना सहसा कुणी वाचत नाही. मी वाचते. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, आणि नकाशा म्हटला की अजूनही हात चष्म्याकडे जातो. पण तेवढंच कारण नाही. काही वर्षांपूर्वीचा एक हिवाळा माझ्या डोक्यात ‘हरकती’ आणि ‘सूचना’ या दोन शब्दांना चिकटून बसला आहे. लोकांना थंडी म्हटलं की भरीत आठवतं, मला हरकती.

आमची शिक्षक सोसायटी तेव्हा गावाच्या अगदी टोकाला होती. पलीकडे शेतं. प्लॉट मोठे, घरं सुटी सुटी, प्रत्येक घराला चारी बाजूंनी मोकळी जागा आणि त्या जागेत लिंबू, पेरू, एखादं रामफळ. आम्ही आलो तेव्हा इथं मुरमाड माळ होता. पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा. चौधरी नाना, आमच्या सोसायटीचे पहिल्यापासूनचे चेअरमन, तेव्हा एका शाळेचे मुख्याध्यापक होते. रविवारी ते स्वतः खड्डे खणून रस्त्याच्या दुतर्फा कडुनिंब लावायचे आणि आम्हा सगळ्यांना बादल्या घेऊन बोलवायचे. आज त्या झाडांची सावली एकमेकांत मिसळते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात नानांना खलनायक करणं फार सोपं आहे. तसे ते नव्हते.

मी मूळची धुळ्याची. धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत. परका माणूस तिथं चुकत नाही. आमच्या गल्लीत सराफाचं दुमजली घर होतं, त्याला चिकटून आमचं, आणि आम्हाला चिकटून मागावर काम करणाऱ्या अन्सारीचाचांच्या दोन खोल्या. सराफाच्या घरी लग्न असलं की मांडव तिन्ही दारांवरून जायचा. चाचांकडचा खटखट आवाज आमच्या भिंतीतून येई आणि त्या आवाजावर मी पाढे पाठ केले. या तिघांना शेजारी आणून बसवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. लहान घर बांधायला कुणी मनाई केली नव्हती, एवढंच. भांडणं व्हायची. नळावर, सांडपाण्यावर, पतंगावर. माझी आई अहिराणीत म्हणायची, “भित एकच शे, भांडीसन जावानं कथं?” भिंतच एक आहे, भांडून जाणार कुठे. लग्न होऊन जळगावला आले, सोसायटीत घर बांधलं, आणि पहिल्या रात्री झोप येईना. कुठल्याच भिंतीतून आवाज येत नव्हता. मग सवय झाली. शांततेची सवय लवकर होते, आणि ती आपलीच कमाई आहे असंही लवकर वाटू लागतं.

तर त्या हिवाळ्यात आमच्या मागच्या शेतांचा आराखडा निघाला. तोवर नकाशावर ती जमीन हिरवी होती, म्हणजे शेतीची. ती पिवळी होणार होती, म्हणजे राहण्याची. इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पिवळा रंग आला की आपल्याही जागेचा भाव वाढतो, हे सगळ्यांना कळत होतं. पण सोबतच्या नियमांत लिहिलं होतं की या पट्ट्यात लहान प्लॉट पाडता येतील, घराला घर जोडून बांधता येईल, आणि आतल्या रस्त्यांवर तीन मजली इमारतींत छोटे फ्लॅटही करता येतील. सोसायटीत खळबळ उडाली ती या ओळींनी.

नानांनी रीतसर भरीत पार्टी ठेवली. आमच्याकडे गंभीर विषय असेच निघतात. जागा आबांच्या शेतातली. आबा असोद्याचे, केळी आणि कापूस करणारे, आमच्या कंपाउंडला लागून त्यांचं शेत. ज्या जमिनीवर हरकत घ्यायची तिच्याच बांधावर बसून, तिच्याच मालकाची वांगी खात आम्ही हरकत लिहिणार होतो, आणि यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. हिरवी लांबोडकी वांगी काड्यांच्या जाळात काळी पडत होती. बायका साली काढून बोटांना फुंकर मारत होत्या. मिरची आणि लसूण काठवटीत मुसळाने ठेचलं जात होतं. पुऱ्या तळल्या जात होत्या, कांद्याच्या पातीचा ढीग पडला होता. नानांनी मफलर सावरला आणि मसुदा वाचून दाखवला. भाषा उत्तम होती. पाणीपुरवठ्यावर ताण, सांडपाण्याचा प्रश्न, रहदारी, आणि शेवटी, “परिसराचे शैक्षणिक व सांस्कृतिक वातावरण.” लहान प्लॉटची मुभा रद्द करावी आणि आमच्याएवढेच प्लॉट बंधनकारक करावेत, अशी मागणी होती.

सह्या सुरू झाल्या. कागद पत्रावळींच्या ओळीने फिरत फिरत तायडे सिस्टरांपर्यंत आला.

रंजना तायडे सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सोसायटीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर त्या आणि त्यांच्या आई गयाबाई भाड्याने राहायच्या. घरमालक मुलाकडे परदेशी. आमच्यापैकी कुणाचं बी.पी. बघायचं असलं, कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं, की हाक सिस्टरांना. त्यामुळे त्या भाडेकरू आहेत हे आम्ही अर्धवट विसरलो होतो, आणि भरताला त्यांना कुणी वेगळं बोलावलं नव्हतं, त्या आपल्याच म्हणून आल्या होत्या. कागद पुढं करणाऱ्या गृहस्थाला ऐनवेळी आठवण झाली.

“सिस्टर, तुमची सही नको. भाडेकरूंची चालत नाही.”

“बरं,” सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी हात पुसले आणि विचारलं, “नाना, पण एक सांगा. मागे लहान घरं झाली तर आपलं काय बिघडतं?”

“अहो सिस्टर, वस्ती वाढते.”

“वाढू द्या की. वस्तीत येतं कोण?”

“त्याचा काय नेम. कोणी पण येतं.”

“म्हणजे मीच की,” सिस्टर म्हणाल्या.

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. थर्मामीटरचा आकडा सांगावा तशा बोलल्या होत्या. पुरी तळणारीचा झारा तेवढा वाजला. नानांच्या तोंडात घास होता, तो त्यांनी बराच वेळ चावला. शेवटी आबाच पातेलं घेऊन उठले आणि म्हणाले, “वांगे गरम आहे तोवर खाऊन घ्या बरं. बाकीचं काय, होत राह्यतं.” त्यांच्या जमिनीचं काय व्हावं हे त्यांना त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

मी सही केली नाही. धुळ्याच्या भिंती आठवल्या म्हणून म्हणा, किंवा वाद घालायचा कंटाळा होता म्हणून म्हणा. “नंतर बघू,” म्हटलं, आणि नानांनीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना सिस्टर माझ्याकडे आल्या. “मॅडम, तो नकाशा कुठं लावलाय? मला बघायचा आहे. तुम्ही येता का? मला त्यातलं कळत नाही.”

आम्ही गेलो. नगररचना कार्यालयात एका मोठ्या खोलीत भिंतभर नकाशा टांगलेला. बाहेर ऊन होतं, आत गारठा. आधी त्यांनी दवाखाना शोधला. मग आमची सोसायटी. नकाशावर ती एवढीशी पिवळी चौकट होती, बोटाखाली झाकली जाणारी. त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, “आणि मला परवडेल असं यात कुठं आहे?”

मी भूगोलाची बाई. मी रंग समजावून सांगितले. हिरवा कशाचा, निळा कशाचा, रेषा कसल्या. पण त्या प्रश्नाचं उत्तर रंगात नव्हतं, सोबतच्या नियमांच्या जाड पुस्तिकेत होतं, आणि ते आम्ही दोघींनी भिंतीपाशी उभं राहून वाचलं. घर महाग का, याची कारणं सांगताना आपण सिमेंट सांगतो, सळई सांगतो, वाळू सांगतो. नियम सांगत नाही. “गरिबानं इथं राहू नये” असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं. इतकंच लिहिलेलं असतं की प्लॉट अमुक एका मापाहून लहान नसावा, भिंतीपासून अमुक इतकी जागा सोडावी, वर इतकेच मजले. वाक्यं अगदी सभ्य असतात. त्या सभ्य वाक्यांची बेरीज केली की नर्स, बसचा कंडक्टर, शाळेतला शिपाई, तासिकेवर शिकवणारा तरुण प्राध्यापक हे सगळे आपोआप हद्दीबाहेर जातात, आणि त्यांना बाहेर काढल्याचं पाप कुणाच्याच माथी येत नाही.

हद्दीबाहेर काय असतं ते गयाबाईंना ठाऊक होतं. त्यांच्या नवऱ्यानं भुसावळच्या बाजूला गुंठेवारीतला एक तुकडा घेतला होता. कायदेशीर लहान प्लॉट मिळत नाही, म्हणून लोक असा बेकायदेशीर घेतात. साध्या कागदावरचा व्यवहार. घर उभं राहिलं, पण नळ आला नाही, गटार आली नाही, दाराशी रस्ता आला नाही. नवरा गेल्यावर माय-लेकी ते सोडून जळगावला आल्या. मग भाड्याच्या खोल्या. गयाबाई सांगायच्या, “खोली रिकामी राह्ये. आम्ही आडनाव सांगलं का भरून जाये.” हे सांगताना त्या हसायच्या. ऐकणाऱ्याला हसता येत नसे.

सिस्टरांनी ठरवलं की आपण आराखड्याच्या बाजूनं लिहून द्यायचं. खिडकीवरच्या कारकुनाला हा प्रकार नवा होता. “बाई, लोक विरोध करायला येतात. बाजूनं काय लिहायचं?” सिस्टर म्हणाल्या, “विरोध करणाऱ्यांचं ऐकून तुम्ही बदलाल ना? मग बदलू नका, असं सांगणारं कुणी नको का?” कारकुनानं डोकं खाजवलं आणि कागद घेतला.

पुढचे दिवस मला आठवतात ते माझ्या गच्चीवरचे. सिस्टरांची ड्यूटी संपली की दुपारच्या उन्हात आम्ही तिथं बसायचो. गयाबाई मेथी निवडायच्या. सिस्टर सुनावणीत काय बोलायचं त्याची उजळणी करायच्या. मी मुद्दे लिहून द्यायची, त्या ते खोडून टाकायच्या. माझी वाक्यं त्यांना फार इस्त्री केलेली वाटायची. मध्येच गयाबाई मान वर न करता म्हणायच्या, “लांबण नको लावू. साहेबाले जेवाची घाई राह्यते.”

संध्याकाळी सिस्टर माणसं गोळा करायला जायच्या. कोण कोण येतं हे पाहून मी चकित झाले. मला वाटलं होतं, मजूर येतील. ते आलेच. पण त्यांच्यासोबत बँकेतला एक कारकून आला, लॅबमधली मुलगी आली, शाळेची बस चालवणारे दोघं भाऊ आले. सोसायटीतल्या पोळ्या करणाऱ्या बाई आल्या. त्या रोज पहाटेच्या अंधारात नशिराबादहून निघायच्या. आमच्या घरातलं काम इथं, आणि काम करणारीचं घर तिथं, यात काही विपरीत आहे हे मला त्या बाई गच्चीवर येऊन बसेपर्यंत सुचलं नव्हतं.

आणि मग सिस्टरांना घरमालकाचा फोन आला. करार संपतोय, पुन्हा करणार नाही, जागा सोडा. कारण विचारलं तर म्हणाला, “वर रंग काढायचा आहे.” परदेशात बसलेल्या माणसाला ऐन थंडीत रंगाची आठवण कुणी करून दिली ते कळलं नाही. त्या संध्याकाळी नाना माझ्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. काठीनं मातीत रेघा ओढत उभे राहिले.

“मी नाही सांगितलं हो.”

“मी म्हटलं का, तुम्ही सांगितलं?”

“नाही म्हटलं. पण तुमच्या मनात असेल.” आणखी एक रेघ ओढून म्हणाले, “माझा विरोध कागदावर आहे. माणसावर नाही.”

मी म्हटलं, “नाना, कागद शेवटी माणसावरच जाऊन पडतो.” त्यांनी पायानं रेघा पुसल्या आणि ते गेले.

सिस्टरांनी सामान हलवलं त्या सकाळी धुकं होतं. टेम्पो आला, गाद्या चढल्या, गॅसची शेगडी चढली, गयाबाईंनी स्वतःच्या मांडीवर देव्हाऱ्याएवढी काचेची पेटी घेतली. तीत बुद्धाची मूर्ती आणि नवऱ्याचा फोटो होता. सोसायटीचं मोठं फाटक एरवी बंद असे, दुचाक्या छोट्या दारानं जात. नानांनी स्वतः येऊन ते दोन्ही हातांनी उघडलं. टेम्पो निघाला तेव्हा गयाबाईंनी त्यांना नमस्कार केला, आणि नानांनी टोपी काढली. मी हे सगळं माझ्या ओट्यावरून पाहत होते. कोण बरोबर, कोण चूक, असं काही त्या वेळी मनात आलं नाही. थंडी होती, आणि एक घर जात होतं.

नशिराबादला त्यांना एक खोली मिळाली. रोजची बस सुरू झाली.

सुनावणी पौषात लागली. इमारत चांगली उंच होती, आणि सभागृह वरच्या मजल्यावर. लिफ्टला रांग होती म्हणून बरेचजण जिन्याने धापा टाकत आले. एवढ्या उंचीवर बसून तीन मजल्यांची भीती वाटून घ्यायची, हे मला जरा गमतीचं वाटलं. खिडकीतून अख्खं गाव दिसत होतं. रेल्वेची रेघ, गावापलीकडे केळीचा गडद हिरवा पट्टा, आणि उत्तरेला क्षितिजावर सातपुड्याची फिकट निळी सावली. आमची सोसायटीही दिसली. वरून पाहताना पहिल्यांदाच लक्षात आलं की तिच्यात घरांपेक्षा मोकळी जागा जास्त आहे.

नाना आधी बोलले. मनापासून बोलले. “साहेब, आम्ही आलो तेव्हा तिथं काही नव्हतं. पाणी डोक्यावरून आणलं. झाडं आम्ही लावली. आता म्हातारपणी शांतता मागतोय, एवढंच.” त्यात नाटक नव्हतं. पाण्याचं, सांडपाण्याचं त्यांचं म्हणणं खरंही होतं.

मग सिस्टरांचं नाव पुकारलं. त्या युनिफॉर्ममध्येच आल्या होत्या, वरून स्वेटर.

अधिकाऱ्यांनी कागद पाहिला. “आपण त्या भागात राहता?”

“राहत होते, साहेब. आता नाही.”

“मग या आराखड्याशी आपला संबंध?”

“संबंध राहावा म्हणूनच आले,” सिस्टर म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. सिस्टर पुढं बोलल्या ते मी लिहून दिलेल्यातलं नव्हतं. “साहेब, नानांचं पाण्याचं बरोबर आहे. पाइप मोठा टाका. गटार आधी करा, घरं मग करा. पण पाणी कमी म्हणून माणसं कमी करू नका. आम्ही तर आहोतच ना, पाणी पितोच. फक्त लांबून येऊन पितो. मला सरकारनं घर बांधून द्यावं असं मी म्हणत नाही. माझा पगार आहे, मला बँक कर्ज देते. पण मला पुरेल एवढं लहान घर विकायलाच बंदी असेल, तर मी ते घेऊ कुठून? मोठं परवडत नाही, लहानाला परवानगी नाही. मधल्या माणसानं करायचं काय? आम्हाला फुकट नको. लहान चालेल, एवढं कायद्यात लिहा.”

त्या बसल्या. गयाबाईंची सूचना त्यांनी पाळली होती. जेवायच्या सुट्टीला अजून वेळ होता.

निकाल असा त्या हिवाळ्यात आला नाही. त्यावर उन्हाळे गेले. आमच्याकडचे उन्हाळे म्हणजे माणसाला बाकी सगळं विसरायला लावणारे. मंजूर आराखडा आला तेव्हा कळलं की तिसरा मजला कापला गेला आणि लहान प्लॉट कायम राहिले. दोन्ही बाजूंनी आपण हरलो अशी समजूत करून घेतली, यावरून निर्णय बरा झाला असावा. आबांच्या शेतात आखणी झाली. एकाला एक चिकटून घरांच्या ओळी उभ्या राहिल्या, पुढं दोन पायऱ्या, मागं न्हाणीएवढं अंगण. त्यातलं एक सिस्टरांनी घेतलं. गयाबाई त्या घरात चार हिवाळे राहिल्या. शेवटी शेवटी त्या पायरीवर उन्हाला बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, “काय रे, कुठी चालला?” उत्तराची त्यांना गरज नसे. विचारायचा हक्क वापरून बघत असाव्यात.

वातावरण बिघडलं का? लाऊडस्पीकर वाजतो. वराती निघतात. दारापुढं दुचाक्या आडव्या लागतात. गणपतीत मी कापसाचे बोळे कानात घालते. पण किराणा आला, पिठाची गिरणी आली, रात्री-अपरात्री हाक मारली तर ओ देणारं माणूस आलं. आणि इकडे आमच्या सोसायटीत दिवे कमी होत गेले. पोरं पुण्याला, बंगळुरूला, त्याहून लांब. मोठ्या मोठ्या घरांत एकेक म्हातारं माणूस, आणि जिथं तेही उरलं नाही तिथं कुलूप. आम्हाला हवी होती ती शांतता आम्हाला पुरेपूर मिळाली. नानांच्या पत्नी गेल्या त्या वर्षापासून नाना सकाळी काठी टेकत मागच्या ओळींकडे जाऊ लागले. तिथं एक चहाची टपरी आहे. ते तिथं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात आणि लोक त्यांना हेडमास्तर म्हणतात. आपली हरकत चुकली असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

आता यंदाचं. जाहीर सूचना आली त्यानंतर थोड्याच दिवसांत सिस्टर माझ्याकडे आल्या. आता त्यांच्या निवृत्तीला फार दिवस राहिलेले नाहीत. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि नुसत्याच हसल्या.

“काय झालं?”

“काल आमच्या ओळीतली चार घरची माणसं आली होती, मॅडम. सहीला. नशिराबादच्या पट्ट्यात अजून लहान फ्लॅट होणार आहेत म्हणे, भाड्याचे. त्याला हरकत घ्यायची आहे. मला म्हणतात, ताई, आपल्या एरियाचं वातावरण बिघडेल.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“चहा केला. अजून काय करू? त्यातला एक त्या सुनावणीला आला होता माझ्यासोबत. लॅबवाल्या मुलीचा नवरा.” मग पेला खाली ठेवून म्हणाल्या, “राग नाही आला. आपल्या दारापर्यंत रस्ता आला की पुढचा रस्ता कशाला, असं वाटतंच माणसाला. मलाही क्षणभर वाटलं. खोटं कशाला बोलू.”

सिस्टर फ्लॅटांच्या बाजूनं बोलायला जाणार होत्या. मी येणार होतेच. पण या वेळी माणसं जमेनात. ज्यांना ते फ्लॅट लागणार ती माणसं विखुरलेली, कुणाची कामाची पाळी, कुणाचा खाडा पडणार. आणि ज्यांनी मागं साथ दिली ती आता घरमालक झालेली. तेव्हा सिस्टर उठल्या आणि सरळ टपरीवर गेल्या. मी मागोमाग. नाना बातमी वाचत होते.

“नाना, सुनावणीला येता का? माझ्या बाजूनं.”

नानांना हल्ली कमी ऐकू येतं. सिस्टरांनी पुन्हा सांगितलं. नानांनी पेपराची घडी केली, उलटी केली, पुन्हा सरळ केली.

“मी काय बोलू तिथं? मी तर मागं…”

“बोलू नका काही. नुसते बसा माझ्या शेजारी.”

परवा सुनावणी झाली. सभागृह तेच, अधिकारी नवीन. एक तरुण बाई, बोलणं मऊ. आमच्या बाजूला आम्ही तिघं आणि पोळ्या करणाऱ्या बाईंची सून. समोरच्या खुर्च्या भरलेल्या. त्यांत सिस्टरांच्या ओळीतले शेजारी, आमच्याकडे न बघता बसलेले. सिस्टर बोलल्या, थोडक्यात. मग हजेरीच्या यादीवरून अधिकारी बाईंनी नानांचं नाव वाचलं. नाना काठीवर भार देऊन उठले. त्यांना वाटलं असावं की उठायलाच हवं. मफलर नीट केला. सगळं सभागृह या जुन्या चेअरमनकडे पाहू लागलं. समोरच्यांना बहुधा वाटलं की आता आपल्या बाजूचं कुणी तरी बोलणार.

“काका, बसून बोला,” बाई म्हणाल्या. “आपली हरकत काय आहे?”

नाना उभेच राहिले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला.

“हरकत नाही,” नाना म्हणाले.

लिहून घेणारा गोंधळला. त्यानं विचारलं, “म्हणजे काय लिहू, काका?”

“तेच लिही,” नाना म्हणाले, आणि सिस्टरांच्या शेजारी खाली बसले.